दोष आणि कारण

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



१२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच जण वाचला. जमिनीवरील बळी धरून एकूण २६० माणसे प्राणास मुकली. सारा देश हादरून गेला. विमानातील नोंदयंत्रे काही दिवसांतच हाती आली, परदेशांतील तज्ज्ञ तपासात सहभागी झाले आणि आंतरराष्ट्रीय संकेतानुसार महिनाभरात प्राथमिक अहवालही प्रसिद्ध झाला. विमान पडल्यावर इतक्या गंभीरपणे चौकशी व्हावी, यात कोणालाही नवल वाटले नाही.

आता दुसरी एक संख्या. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे ४६२. अहमदाबादला जितके जीव गेले, तितके जीव या देशातील रस्ते सुमारे साडेतेरा तासांत घेतात. हा क्रम रोजचा आहे. यांतील बहुसंख्य मृत्यूंचा तपास पंचनामा, गुन्ह्याची नोंद आणि विम्याचा दावा यांपलीकडे जात नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तीच वाहने त्याच वेगाने धावू लागतात.

आकाशातील प्रवास इतका सुरक्षित आणि रस्त्यावरील प्रवास इतका धोक्याचा का, हा प्रश्न आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वैमानिकांचे प्रशिक्षण कडक असते, विमानांची संख्या मर्यादित असते, त्या क्षेत्रात पैसा मुबलक असतो, ही उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु विमानही जन्मतः सुरक्षित नव्हते. ते सुरक्षित होत गेले ते अपघातानंतर विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नामुळे. रस्त्यावर अपघात झाला की लोक विचारतात, 'चूक कोणाची?' विमान अपघाताचा अन्वेषक विचारतो, 'असे का घडले?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका माणसापाशी येऊन थांबते. दुसऱ्याचे उत्तर यंत्र, मार्ग, नियम, प्रशिक्षण अशा अनेक दारांवर थाप मारत जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली अपघात-चौकशीचे नियम स्वीकारले. अशा चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून दोष अथवा दायित्व ठरवणे हा नाही, ही त्या नियमांची भूमिका आहे. दोषी व्यक्तीला शिक्षा व्हायची तर त्यासाठी न्यायालये वेगळी आहेत. कारण शोधण्याचे काम त्यापासून अलग ठेवले गेले.

या प्रश्नाचे मोल जगाला कसे कळले, याची कथा भारताच्या भूमीला स्पर्श करून जाते. २ मे १९५२ रोजी 'कॉमेट' या जगातील पहिल्या प्रवासी जेट विमानाची नियमित सेवा सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट वादळी हवेत हवेतच मोडले आणि त्यातील ४३ जण मृत्युमुखी पडले. दोष वादळाकडे गेला. १० जानेवारी १९५४ रोजी इटलीजवळील एल्बा बेटाच्या परिसरात दुसरे कॉमेट निरभ्र आकाशातून समुद्रात कोसळले आणि ३५ जण गेले. विमाने काही काळ थांबवण्यात आली, त्यांत अनेक सुधारणा करण्यात आल्या आणि मार्चच्या अखेरीस उड्डाणे पुन्हा सुरू झाली. मात्र खरे कारण तोवर कोणालाही उमगले नव्हते. उड्डाणे सुरू झाल्यावर सोळाव्या दिवशी, ८ एप्रिल रोजी, नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट कोसळले आणि २१ जणांचा अंत झाला. कारण न शोधता केलेली दुरुस्ती ही केवळ मनाची समजूत असते, हे त्या सोळा दिवसांनी दाखवून दिले.

त्यानंतर इंग्लंडमधील फार्नबरो येथील शासकीय संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जो शोध झाला, तो विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुळातून अभ्यासावा असा आहे. एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब वाढतो आणि उतरल्यावर कमी होतो. टाकीतील विमानात पाणी भरून हाच चढउतार पुन्हा पुन्हा घडवण्यात आला. विमानाची आधीची उड्डाणे धरून सुमारे तीन हजार आवर्तनांनंतर त्याचा पत्रा फाटला. खिडक्या आणि इतर छेद यांच्या कोपऱ्यांवर धातूला सोसावा लागणारा ताण अंदाजापेक्षा कितीतरी अधिक होता. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की अखेर तुटते, तसा तो धातू थकत होता. दरम्यान ब्रिटिश आरमाराने एल्बाजवळच्या समुद्रतळावरून अवशेष वर काढले, आणि त्या तुकड्यांनीही हीच साक्ष दिली. हे निष्कर्ष झाकून ठेवले गेले नाहीत. स्पर्धक देशांतील विमान उत्पादकांनाही त्यांचा लाभ झाला. आज कोणत्याही जेट विमानात बसणारा प्रवासी त्या टाकीतील प्रयोगाचा ऋणी असतो.

याच कॉमेटच्या चर्चांत ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे एक संशोधक सहभागी होते. त्यांचे नाव डेव्हिड वॉरन. १९३४ साली, ते नऊ वर्षांचे असताना, त्यांचे वडील बासच्या सामुद्रधुनीवरील विमान अपघातात मरण पावले होते. ते विमान का पडले, हे कधीच कळले नाही. कॉमेटच्या अपघातांची चर्चा ऐकताना वॉरन यांच्या मनात आले, की शेवटच्या क्षणी वैमानिक काय बोलत होते हे कळले असते तर? एका प्रदर्शनात त्यांनी खिशात मावेल असे ध्वनिमुद्रण यंत्र पाहिले होते. त्यावरून त्यांनी वैमानिकांचे संभाषण आणि विमानाच्या उपकरणांची मापे आगीत व आघातात टिकून राहतील अशा पेटीत नोंदवण्याची कल्पना मांडली आणि नमुनाही तयार केला. स्वदेशात तिचे फारसे स्वागत झाले नाही. १९५८ साली प्रयोगशाळेला भेट देणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने तिचे महत्त्व ओळखले. पुढे १९६० साली क्वीन्सलंडमध्ये अपघात झाला आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात हे यंत्र सक्तीचे ठरले. लोक त्याला 'ब्लॅक बॉक्स' म्हणत असले, तरी अवशेषांत चटकन दिसावे म्हणून त्याचा रंग नारिंगी असतो. वडिलांच्या मृत्यूचे कारण ज्या मुलाला कधीच कळले नाही, त्याने पुढील पिढ्यांना कारण कळण्याची सोय करून ठेवली.

यंत्राचा दोष मान्य करणे तुलनेने सोपे असते. माणूस चुकतो तेव्हा काय करावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बॉम्बफेकी विमानांत एक विचित्र प्रकार वारंवार घडे. विमान सुखरूप जमिनीवर उतरे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर आपटे. चौकशीच्या कागदावर 'वैमानिकाची चूक' असे लिहून प्रकरण मिटवले जाई. अल्फोन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना बोल लावण्याआधी त्यांचा कक्ष पाहिला. चाकांचा खटका आणि झडपांचा खटका शेजारी शेजारी होते आणि दिसायला, हाताला अगदी सारखे होते. ज्या विमानांत ते वेगवेगळे होते, तेथे ही चूक होत नव्हती. चपानिस यांनी एका खटक्याला छोटे चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. थकलेल्या वैमानिकाच्या बोटांना अंधारातही फरक कळू लागला आणि ती 'चूक' नाहीशी झाली. आजही विमानांत चाकांचा दांडा चाकाच्याच आकाराचा असतो. माणूस बदलला नव्हता. त्याला चुकायला लावणारी रचना बदलली होती.

तिसरा धडा न घडलेल्या अपघातांचा आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळील विमानतळावर उतरू पाहणारे विमान डोंगरावर आदळले आणि ९२ जण मरण पावले. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी वेगळा घेतला होता. तपासात उघड झाले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचा तेथेच असाच गैरसमज झाला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते. मात्र ही माहिती इतरांपर्यंत पोहोचवणारी कोणतीही वाट अस्तित्वात नव्हती. १९७६ साली ती वाट तयार झाली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांनी स्वतःच्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग 'नासा'कडे कळवायचे, 'नासा'ने त्यांतील नावे काढून टाकायची आणि उरलेला बोध सर्वांना वाटायचा, अशी ती पद्धत आहे. हे काम नियम करणाऱ्या आणि दंड देणाऱ्या खात्याकडे न ठेवता त्रयस्थ संशोधन संस्थेकडे सोपवण्यात खरे शहाणपण होते. शिक्षेची भीती असलेला माणूस सत्य सांगत नाही, आणि सत्याविना कारण सापडत नाही.

दिल्लीकरांना या संदर्भात १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवावी. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ जण गेले. हवेत झालेल्या टकरींच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण घटना होय. सौदी विमानाला १४,००० फुटांची आणि कझाक विमानाला १५,००० फुटांची पातळी नेमून दिली होती, आणि कझाक विमान आपल्या पातळीखाली उतरले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. 'चूक कोणाची' याचे उत्तर मिळाले होते. चौकशी मात्र तेथे थांबली नाही. येणारी आणि जाणारी विमाने एकाच हवाई वाटेने का जात होती? जमिनीवरील रडारला विमानाची दिशा आणि अंतर कळत होते, उंची का कळत नव्हती? वैमानिकांना परस्परांच्या जवळिकीचा इशारा देणारे यंत्र विमानांत का नव्हते? या प्रश्नांमधून वाटा वेगळ्या झाल्या, विमानाची उंची सांगणारे रडार आले आणि टक्कर टाळणारे यंत्र भारतात सक्तीचे ठरले. पुढे एखादा वैमानिक पुन्हा पातळी चुकला, तरी त्या चुकीचे रूपांतर मृत्यूत होऊ नये, यासाठी एकामागे एक तीन भिंती उभ्या राहिल्या.

हे ज्ञान आकाशातच राहिले असे मात्र नाही. त्यातील बरेच काही जमिनीवर उतरले आणि ते उतरवणारी माणसेही विमानक्षेत्रातीलच होती. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे प्रशिक्षण घेताना ह्यू डिहेवन यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळले. ते वाचले, पण कमरपट्ट्याच्या बकलामुळे त्यांच्या पोटाला गंभीर इजा झाली. माणूस कशामुळे मरतो आणि कशामुळे वाचतो, याचा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला. ५० ते १५० फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. आघात शरीराच्या मोठ्या भागावर पसरला आणि थांबण्यासाठी थोडे अंतर मिळाले, तर माणसाचे शरीर अचाट धक्के सोसू शकते, हे त्यातून पुढे आले. अंडी नीट बांधून पाठवणाऱ्याला जे ठाऊक असते, ते मोटार बांधणाऱ्याला ठाऊक नव्हते.

अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर कर्नल जॉन स्टॅप यांनी हा विचार स्वतःच्या देहावर तपासला. डिसेंबर १९५४ मध्ये ते रॉकेटच्या घसरगाडीवर बसून ताशी सुमारे १,००० किलोमीटर वेगापर्यंत गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. पट्ट्यांनी नीट बांधलेले शरीर गुरुत्वाकर्षणाच्या चाळीस पटींहून अधिक ओढ सोसून जिवंत राहते, हे त्यांनी दाखवले. हवाई दलातील माणसे विमान अपघातांत जितकी मरतात, जवळपास तितकीच मोटार अपघातांत मरतात, हेही त्यांच्या ध्यानात आले, आणि १९५५ पासून त्यांनी मोटार अपघातांवरील संशोधकांची वार्षिक परिषद सुरू केली. स्वीडनमध्ये नील्स बोलिन हे लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांचे अभियंते होते. १९५८ साली ते व्होल्वो या मोटार कंपनीत आले आणि १९५९ मध्ये त्यांनी खांदा, छाती व कंबर यांना एकत्र सांभाळणारा, एका हाताने लावता येणारा तीन बिंदूंचा आसनपट्टा दिला. कंपनीने त्याचे एकस्व इतर उत्पादकांसाठी मोकळे ठेवले. ओल्या धावपट्टीवर विमानाची चाके जखडू नयेत म्हणून झालेल्या ब्रेकच्या यंत्रणेतून मोटारींतील 'एबीएस'ची वाट निघाली. धावपट्टीवरील पाणी निचरावे म्हणून कोरलेल्या खाचा पुढे महामार्गांवरही आल्या.

म्हणजे विमानातील साधने रस्त्यावर आली. विमानातील प्रश्न मात्र पुरेसा आला नाही, आणि खरी उणीव येथे आहे.

भारतातील अपघातांच्या नोंदींमध्ये २०२२ साली सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे लिहिले गेले. वेग घातक असतो यात शंका नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे भौतिकशास्त्र शाळेतच शिकवले जाते. तरीही रकान्यातील 'अतिवेग' हा शब्द बी-१७ च्या कागदावरील 'वैमानिकाची चूक' या शब्दांचा सख्खा भाऊ आहे. तो लिहिला की शोध संपतो. वस्तीतून जाणारा रस्ता धावपट्टीसारखा सरळ आणि रुंद का बांधला? पादचाऱ्याला ओलांडण्याची जागा अर्ध्या किलोमीटरवर का? दुभाजकाचे टोक उघड्या सुऱ्यासारखे का सोडले? बंद पडलेला ट्रक दिव्याविना रात्रभर मार्गिकेत कसा उभा राहिला? जखमी माणूस रुग्णालयात किती वेळाने पोहोचला? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात नाही.

शिवाय भारतीय रस्त्याचे दुखणे पाश्चात्त्य रस्त्याहून वेगळे आहे. २०२२ मधील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते आणि १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजे सुमारे दोनतृतीयांश माणसांभोवती पत्र्याचे कवचच नव्हते. त्यांना आसनपट्टा वाचवू शकत नाही, हवेची उशीही नाही. याच शहरातील आयआयटीमध्ये दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी अनेक दशके हेच सांगत आले, की येथील संशोधन पायी चालणाऱ्या, सायकल आणि दुचाकी चालवणाऱ्या माणसापासून सुरू झाले पाहिजे. वाहनाचा दर्शनी भाग पादचाऱ्याला कमी इजा करील असा हवा, वस्तीतील वेग खांबावरच्या पाटीने रोखला जात नसेल तर रस्त्याच्या घडणीने रोखला पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा आहे. मथुरा रोडवरील केंद्रीय मार्ग अनुसंधान संस्था १९५२ पासून रस्त्यांचा अभ्यास करीत आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून वाहनांची चाचणी घेत आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' योजनेखाली मोटारींना टक्कर-चाचणीवरून तारे दिले जातात. दुचाकीस्वारांच्या बाबतीत जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे, की शिरस्त्राण मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटवते. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही.

हे ज्ञान नेटाने वापरले तर काय घडते, याचे एक उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाहता येते. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मरण पावली. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी येथील जीवघेण्या अपघातांकडे विमान अन्वेषकाच्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. जागेवर जाऊन खुणा मोजल्या, वाहने तपासली, इजा कशामुळे झाली हे पाहिले. मग रस्त्याकडेच्या उघड्या काँक्रीटच्या बांधकामांपुढे अडथळे आले, कठड्यांची टोके सुधारली गेली, थांबलेली वाहने हलवण्याची आणि वेग मोजण्याची व्यवस्था झाली, जखमींच्या उपचारांचा वेळ कमी करण्याचे प्रयत्न झाले. २०२० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहूनही खाली आली. त्या अखेरच्या वर्षातील टाळेबंदीचा वाटा प्रामाणिकपणे वजा केला पाहिजे. तरीही उतार त्याआधीच सुरू झाला होता, आणि चालक तेच होते, घाटही तोच होता.

कायदाही हळूहळू या दिशेने वळत आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने रस्त्याचा सदोष आराखडा, बांधकाम वा देखभाल यांसाठी संबंधित यंत्रणेला जबाबदार धरण्याची तरतूद केली. जखमीला मदत करणाऱ्या भल्या माणसाला त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांना याच कायद्याने अधिक बळ दिले. आयआयटी मद्रासच्या साहाय्याने अपघातांची देशव्यापी संगणकीय नोंद उभी राहिली. स्वीडनने १९९७ साली संसदेत ठराव करून रस्त्यावरील एकही मृत्यू अपरिहार्य मानायचा नाही, असे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण असू नये, ही त्या धोरणामागील नीती आहे. चपानिस यांच्या खटक्यातही हीच नीती होती.

येथे एक आक्षेप संभवतो. कारण शोधायचे म्हणजे बेदरकार चालकाला मोकळे सोडायचे काय? तसे मुळीच नाही. मद्य पिऊन वाहन चालवणाऱ्याला, सिग्नल तोडणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, आणि तो टाळता न येण्याजोगा असला पाहिजे. वैमानिकालाही जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईची मुभा नसते. एवढेच ध्यानात ठेवायचे, की दोषी माणूस तुरुंगात गेल्याने ते वळण सरळ होत नाही. शिक्षा झालेल्या चालकाच्या जागी उद्या दुसरा चालक येतो, आणि उघडे टोक तेथेच वाट पाहत असते.

या सर्व विवेचनाचा शाळेच्या हीरक महोत्सवाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध शाळेच्या फाटकापाशी आहे. रोज सकाळी शेकडो मुले ज्या फाटकातून आत येतात, त्याच्या बाहेर रस्ता आहे. रिक्षा आहेत, बस आहेत, मागे दोन मुले बसवलेल्या दुचाकी आहेत. चार वर्षांवरील मुलालाही शिरस्त्राण आवश्यक आहे, हे कायद्यात लिहिलेले असले तरी ते फाटकाबाहेर क्वचितच दिसते. एखादा मोठा अपघात होण्यापूर्वी तेथे अनेक छोटे प्रसंग घडून गेलेले असतात. कोणी घसरते, कोणाचे दप्तर आरशाला अडकते, कोणी बसच्या आडून धावत येते आणि ब्रेक करकचून लागतो. सारे जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि प्रसंग विसरला जातो. वॉशिंग्टनजवळच्या त्या डोंगरावरचा, सहा आठवडे आधीचा प्रसंगही असाच विसरला गेला होता.

हीरक महोत्सवी वर्षात शाळेने एक साधी वही ठेवावी. थोडक्यात टळलेला प्रसंग ज्या विद्यार्थ्याने पाहिला, त्याने त्यात तारीख, वेळ, जागा आणि काय घडले एवढेच लिहावे. कोणाचे नाव नको, गाडीचा क्रमांक नको, दोषारोप नको. महिन्याच्या शेवटी विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्या नोंदींचा नकाशा करून घ्यावा. कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर, कोणत्या आडोशामुळे धोका वाढतो, हे तीन-चार महिन्यांत कागदावर उमटू लागेल. गणिताच्या वर्गात त्याच नोंदींची सरासरी आणि आलेख काढता येतील. मग पालक-शिक्षक संघाने तो नकाशा महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे न्यावा आणि नेमकी मागणी करावी. येथे उंचवटा हवा, येथे कठडा हवा, बस येथून वीस पावले पुढे थांबावी. 'काहीतरी करा' या अर्जाला जे उत्तर मिळते, त्याहून वेगळे उत्तर अशा नकाशाला मिळण्याची शक्यता अधिक असते. उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या महिन्याचा नकाशा सोबत जोडावा.

या कामाला पैसा फारसा लागत नाही. पाहण्याची आणि जसे पाहिले तसे लिहिण्याची सवय लागते, आणि ती लावणे हे शाळेचेच काम आहे. वहीत पहिली नोंद करणारा विद्यार्थी कदाचित पाचवीतला असेल. आपल्या नोंदीमुळे कोणाचा जीव वाचला, हे त्याला कधीच कळणार नाही. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही आणि वाचलेल्याला आपण वाचलो हे ठाऊक नसते. वॉरन, चपानिस, बोलिन यांनी वाचवलेल्या लक्षावधी माणसांनाही ते ठाऊक नाही. त्यांच्या पंगतीत बसण्यासाठी लागणारी वही आणि पेन्सिल या शाळेतील प्रत्येक दप्तरात आजच आहे.